पाण्यात उतरलेला कपडा

सिसिली बेटाच्या पोटात, पियाझ्झा आर्मेरिना या गावाबाहेर एका रोमन धनिकाचा वाडा आहे. नाव विला रोमाना देल कासाले. वाडा चौथ्या शतकातला. त्याच्या भिंती बऱ्याचशा ढासळल्या, छपरं कधीच गेली. पण जमीन टिकली आणि त्या जमिनीसाठीच जगभरातून माणसं तिथे जातात. रंगीत दगडांचे नखाएवढे तुकडे जोडून केलेली मोझेकची चित्रं तिथे सुमारे साडेतीन हजार चौरस मीटरवर पसरली आहेत. हत्ती-वाघांची शिकार आहे, रथांच्या शर्यती आहेत, मासे धरणारी गुबगुबीत पोरं आहेत. फरशीवर पाय पडू नये म्हणून पाहुण्यांना वरून, बांधलेल्या वाटांवरून चालवत नेतात आणि एका लहानशा खोलीवर आले की सगळे थबकतात. कॅमेरे बाहेर निघतात.

खोलीत दोन ओळींत मिळून दहा मुली आहेत. एकीचं चित्र जवळजवळ नष्ट झालंय. वरच्या ओळीतल्या एका मुलीच्या हातांत वजनं आहेत. लांब उडी मारताना अशी वजनं हातात धरायची, झोका द्यायचा आणि त्या जोरावर अंग पुढे फेकायचं, ही तेव्हाची रीत. तिच्या शेजारची थाळी फेकायच्या पवित्र्यात आहे. दोघी पळताहेत. खालच्या ओळीत दोघी रंगीत चेंडू खेळताहेत, एकीजवळ आऱ्यांचं चाक आहे. एकीने शर्यत जिंकलेली दिसते, कारण तिच्याकडे फुलांचा मुकुट आहे आणि हातात खजुराची झावळी. सोनेरी वस्त्र पांघरलेली एक मुलगी तसाच मुकुट आणि झावळी घेऊन उभी आहे. ती बक्षीस देणारी. कारागिराने मांड्या-पोटऱ्यांवर गडद दगडांच्या रेघा ओढून धावणाऱ्या अंगाचा ताण दाखवलाय. बक्षीस देणारी सोडली तर बाकीच्या मुलींच्या अंगावर दोनच वस्त्रं आहेत. छातीला घट्ट गुंडाळलेली, खांद्यावर पट्टा नसलेली एक पट्टी आणि कमरेला आखूड चड्डी.

टूर गाइड इथे ठरलेलं वाक्य टाकतात : पाहा, बिकिनी सतराशे वर्षांपूर्वीही होती! मासिकं, संकेतस्थळं, फॅशनच्या इतिहासाची गुळगुळीत पुस्तकं, सगळीकडे हेच चित्र आणि हेच वाक्य सापडतं. चित्र खरं आहे. वाक्यात मात्र गफलत आहे आणि ती उलगडत गेलं की आपण पोहण्याच्या पोशाखाची जी गोष्ट सरसकट ऐकलेली असते, ती जवळजवळ उलटी होते.

एका दशकातले तीन शोध

बाराव्या शतकात डोंगराची माती घसरून हा वाडा गाडला गेला. वर शेती होऊ लागली. विसाव्या शतकात १९२९ साली पाओलो ओर्सी यांनी तिथे खोदकाम केलं, तिशीच्या दशकात ज्युसेप्पे कुल्त्रेरा यांनी ते पुढे नेलं आणि वाड्याचा मोठा भाग मोकळा झाला तो १९५० नंतर, जिनो विनिचो जेंटिली यांच्या उत्खननात. या मुली उजेडात आल्या त्या याच सुमारास.

त्याच दशकात आणखी दोन वस्तू निघाल्या. १९५३ साली लंडनमध्ये क्वीन स्ट्रीटवर एका रोमन विहिरीच्या गाळात चामड्याची चड्डी मिळाली. पहिल्या शतकातली. हवा न लागणाऱ्या ओल्या चिखलात चामडं कुजत नाही, म्हणून ती अख्खी राहिली. दोन्ही बाजूंना वाद्या, कमरेवर गाठ मारायची सोय, मापाने एखाद्या सडपातळ, कोवळ्या मुलीला बसेल अशी. कसरती करणाऱ्या किंवा नाचणाऱ्या मुलीची ती असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. पाठोपाठ १९५४ मध्ये पॉम्पेईच्या राखेतून व्हीनसची एक छोटी संगमरवरी मूर्ती निघाली. देवी एक पाय उचलून पायातली वहाण सोडतेय आणि तिच्या अंगावर सोनेरी रंगाने वस्त्र काढलंय. ती मूर्ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे आणि तिची ओळखच 'बिकिनीतली व्हीनस' अशी झाली आहे.

तारखांकडे जरा बघा. पॅरिसमध्ये बिकिनी या नावाने कपडा बाजारात आला तो १९४६ साली. पुढच्या दहा वर्षांत युरोपभर त्यावर वाद झडत होते, बंदी येत होती, वर्तमानपत्रं बिकिनीची छायाचित्रं पुन्हा पुन्हा छापत होती. नेमक्या त्याच वर्षांत जमिनीतून या तीन गोष्टी वर आल्या. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत जे चित्र आधीच भरलेलं होतं, तेच त्यांना मातीत दिसलं. हीच फरशी १८५० साली सापडली असती तर तिला कोणी तरी 'व्यायामशाळेतल्या मुली' म्हटलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. टोपणनाव चिकटलं ते सापडण्याच्या मुहूर्तामुळे.

आखाड्यातला पोशाख

सुरुवातीला विद्वानांचाही गोंधळ झाला. या मुली पाण्यातले खेळ किंवा नाट्य सादर करणाऱ्या नर्तकी असाव्यात, असंही मांडलं गेलं. पण खोलीभर पाण्याचा टिपूस नाही. १९८४ साली अभ्यासक ह्यू ली यांनी प्रत्येक मुलीच्या हातातली वस्तू आणि अंगाची ठेवण तपासून दाखवलं, की लांब उडी, थाळीफेक, धावणं हे सगळे प्राचीन मैदानी स्पर्धांचे प्रकार आहेत आणि मुकुट-झावळी ही विजेत्याची खूण आहे. मुली खेळाडू आहेत. अंगावर आहे तो खेळाचा पोशाख.

रोमन लोकांकडे या दोन कपड्यांना वेगवेगळी नावं होती, कारण त्यांच्या लेखी ती जोडी नव्हतीच. वरच्या पट्टीला स्ट्रोफियम किंवा फास्किया म्हणत. बायका ती रोजच्या वस्त्राखाली बांधत. खालच्याला सुब्लिगाकुलुम, तो तर पुरुषांचाही. कष्टकरी, कसरतपटू, ग्लॅडिएटर, सगळे तो नेसत. रंगमंचावरच्या नटांनी तो घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही असा दंडक होता, हे रोमन लेखक सिसेरोने नोंदवून ठेवलंय. कोल्हापूरच्या तालमीत पैलवान लंगोट कसतो, त्यामागचं कारण आणि सुब्लिगाकुलुममागचं कारण एकच : अंग मोकळं राहावं, झटापटीत काही सुटू नये, काही अडकू नये. अशा कपड्याला कोणी एका संस्कृतीतून दुसरीत नेण्याची गरज पडत नाही. शरीर आणि काम सारखं असलं की कापडही सारखंच वळतं.

ग्रीकांकडेही हे दिसतं. अटलांटा ही त्यांच्या पुराणातली शिकारी आणि कुस्तीगीर मुलगी. पेलेउस या वीराशी ती कुस्ती खेळते हे दृश्य मातीच्या भांड्यांवर रंगवलेलं आहे आणि त्यांतल्या काहींवर तिच्या कमरेला आखूड वस्त्र, काहींवर छातीला पट्टीही आहे. खऱ्या मुलींच्या स्पर्धाही होत. ऑलिम्पियाला हेरा देवीच्या उत्सवात मुलींच्या शर्यती लागत, त्यांचं वर्णन पॉसेनियस या प्रवाशाने दुसऱ्या शतकात लिहून ठेवलंय. केस मोकळे, वस्त्र गुडघ्याच्या जरा वर, उजवा खांदा उघडा. आणि मुलींसाठी धावपट्टी पुरुषांपेक्षा एक षष्ठांशाने आखूड. डेल्फीला पहिल्या शतकातला एक शिलालेख मिळालाय. त्रालेस गावच्या हर्मेसियानाक्सने आपल्या तीन मुलींचा पराक्रम त्यावर कोरून घेतला. त्रिफोसा पिथियन आणि इस्थमियन स्पर्धांत धावण्यात पहिली आली, दिओनिसियानेही धावण्यात मैदान मारलं आणि हेदियाने तर इस्थमियात युद्धरथ हाकून बक्षीस पटकावलं. मुलींच्या खेळाचं कौतुक असलेला एक बाप दोन हजार वर्षांपूर्वी दगड कोरून घेण्याचा खर्च करतो, हे बिकिनीच्या गाण्यात कोणाच्या कानावरच पडत नाही.

पाण्यात काय घालत?

मग हे लोक पोहताना काय घालत? बहुतेक वेळा काहीच नाही.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इसवी सनापूर्वी ५२०च्या आसपासचा एक ग्रीक कुंभ आहे. आंदोकिदिस चित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलावंताने तो रंगवला. एका बाजूवर बायका पोहायला आल्या आहेत. अंगाला चोळायच्या तेलाच्या कुप्या वर टांगल्या आहेत, एक बाई सरळ पाण्यात शिरून हात मारत पोहतेय आणि तिच्या बाजूने मासे चाललेत. एकीच्याही अंगावर कपडा नाही. दक्षिण इटलीत पेस्टमला १९६८ साली एक कबर उघडली. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला उंचावरून पाण्यात सूर मारणारा तरुण रंगवलाय. काळ इसवी सनापूर्वीचं पाचवं शतक. तोही विवस्त्र.

रोमन स्नानगृहांतही बहुतेकांचा मामला तसाच. काही ठिकाणी स्त्री-पुरुष एकत्रही जात; सम्राट हेड्रियनने ते वेगवेगळं करायला लावलं. अपवाद होते आणि त्यांतला एक मार्शल या टवाळ कवीने पकडलाय : एक बाई गरम पाण्यात स्नान करतेय आणि तिच्याजवळ उभ्या गुलामाच्या कमरेला काळ्या चामड्याचं आवरण आहे. पाण्याशेजारी चामड्याचा कपडा आला तो असा, स्नान करणाऱ्या मालकिणीला सोडून चाकराच्या अंगावर.

आणि रोमन बायकांना पोहता येत होतं. रोमन इतिहासकार टॅसिटसने सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. इसवी सन ५९. सम्राट नीरोने आई अ‍ॅग्रिपिनाला मारण्यासाठी बायाच्या किनाऱ्याजवळ मुद्दाम कोसळणारी नाव तिच्यासाठी तयार करवली. नाव कोसळली, खांद्याला जखम झाली, तरी बाई अंधारात पोहत निघाली, मासेमारीच्या होड्यांपर्यंत पोहोचली आणि जिवंत घरी आली. मुलाला शेवटी तलवारवाले पाठवावे लागले. राजघराण्यातल्या बाईला पोहता येतं याचं इतिहासकाराला नवल वाटलेलं नाही, ही नोंद आपल्या कामाची.

म्हणजे हिशेब असा मांडता येतो. दोन तुकड्यांचा आखूड पोशाख जुना, पण तो मैदानातला. पोहणं त्याहूनही जुनं, पण त्याला खास कपडा नव्हता. आपल्याकडेही घाटावर बायका अंगावरच्या लुगड्यानिशी पाण्यात उतरत आणि पुरुष लंगोटावर. पाण्यासाठी वेगळं शिवलेलं काही कपाटात नसे.

झाकण्याचा शोध

पाण्यात उतरण्यासाठी खास शिवलेला कपडा ही युरोपातली अलीकडची वस्तू आणि तिचा पहिला अवतार आखूड नव्हता, अंगभर होता. इंग्लंडमध्ये बाथच्या गरम झऱ्यांवर सतराव्या शतकात बायका ताठ कॅनव्हासचे घोळदार झगे घालून पाण्यात उतरत. सीलिया फाइन्स या बाईने तिच्या प्रवासवर्णनात ते लिहून ठेवलंय : कापड असं ताठ, की पाणी आत भरलं तरी अंगाचा आकार कळू नये. अठराव्या शतकाच्या मध्यावर डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राचं पाणी औषधी असल्याचं लिहिलं आणि ब्रायटनच्या किनाऱ्याकडे श्रीमंत रोग्यांची रीघ लागली. समुद्र ही मौजेची जागा झाली ती आधी दवाखाना होऊन.

मग आली चाकांवरची खोली. लाकडी, दारबंद, घोडा जुंपून पाण्यात ढकललेली. बाईने आत कपडे बदलायचे आणि खोली पुरेशी खोल गेली की समुद्राकडच्या दाराने पायऱ्या उतरून पाण्यात शिरायचं, किनाऱ्यावरच्या कोणाला दिसायला नको. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, किनाऱ्यांवर गर्दी लोटली आणि बायकांसाठी लोकरीचे, फ्लॅनेलचे पोहण्याचे पोशाख निघाले : बाह्या, घोळ, खाली चड्डी, पायमोजे. पाण्यात झगा तरंगून वर येऊ नये म्हणून काठात वजनं शिवत. ओली लोकर अंगावर घेऊन पोहणं कठीणच. त्या काळातल्या बऱ्याच बायका दोर धरून पाण्यात उभ्याच राहत.

पुढची शंभर वर्षं या ओझ्यातून सुटण्याची आहेत आणि त्यात पुढे होत्या त्या पोहणाऱ्या बायका. ऑस्ट्रेलियाची अ‍ॅनेट केलरमन लहानपणी पायाच्या आजारासाठी पोहायला शिकली आणि पोहण्याचे जाहीर प्रयोग करू लागली. पुरुषांच्या पोहण्याच्या पोशाखाला पायमोजे शिवून तिने अंगासरशी एकसंध पोशाख केला. १९०७ साली बॉस्टनजवळच्या किनाऱ्यावर त्यासाठी आपल्याला अटक झाली, असं ती पुढे सांगत असे. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बायकांची पोहण्याची स्पर्धा पहिल्यांदा झाली. शंभर मीटरचं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्याच फॅनी ड्युरॅकने नेलं. किनाऱ्यावर मात्र पहारा चालूच होता. १९२२ साली वॉशिंग्टनमध्ये काढलेलं एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिलं असेल : पोलीस गुडघ्यावर वाकून एका तरुणीच्या गुडघ्यापासून पोशाखाच्या काठापर्यंतचं अंतर टेपने मोजतोय. सहा इंचांच्या वर गेलं की गुन्हा.

कोल्हापूर १९३८, पॅरिस १९४६

हे वारे मराठी पडद्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागला नाही. १९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने 'ब्रह्मचारी' हा सिनेमा काढला. दिग्दर्शक मास्टर विनायक, लेखक आचार्य अत्रे. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या औदुंबराची ही फिरकी. आणि त्याची शपथ डळमळवणाऱ्या किशोरीच्या भूमिकेत मीनाक्षी शिरोडकर. त्यांनी पोहण्याच्या पोशाखात पाण्यातलं गाणं म्हटलं आणि महाराष्ट्र हादरला. पोशाख एकसंधच होता, आजच्या मापाने सोज्वळ. टीका झाली, गर्दीही झाली. अत्र्यांना काय साधायचं होतं ते सिनेमाच्या नावातच आहे. तो पोशाख कथेत आला तो ढोंगाला टाचणी लावायला आणि टाचणी नेमकी लागली. 'फिल्मफेअर'च्या मुखपृष्ठावर शर्मिला टागोर बिकिनीत झळकल्या १९६६ साली. त्याच्या अठ्ठावीस वर्षं आधीची ही मराठी खळबळ.

आता पॅरिस. दोन तुकड्यांचे पोशाख युद्धाआधीही होते. युद्धकाळात अमेरिकन सरकारने पोहण्याच्या कपड्यांत दहा टक्के कापड वाचवा असा हुकूम काढल्यावर पोटावरची पट्टी उघडी पडली. बेंबी मात्र झाकलेली राही. १९४६च्या उन्हाळ्यात फॅशन डिझायनर झाक हाइम यांनी 'आतोम' नावाचा छोटा पोशाख आणला आणि जगातला सर्वांत लहान म्हणून जाहिरात केली. लुई रेआर हा मोटारींचा इंजिनियर, आईचं अंतर्वस्त्रांचं दुकान चालवणारा. किनाऱ्यावर बायका ऊन घेण्यासाठी पोशाखाच्या कडा गुंडाळतात हे त्याने हेरलं होतं. त्याने बेंबीखाली उतरायचं ठरवलं. ५ जुलै १९४६ रोजी मोलिटर जलतरण तलावावर त्याने आपला पोशाख दाखवला. घालायला मॉडेल मिळेना, तेव्हा कॅसिनो द पारीमध्ये नाचणारी मिशेलीन बर्नार्दिनी पुढे आली. कापडावर वर्तमानपत्राची छपाई, कारण रेआरला पक्कं ठाऊक होतं की उद्याच्या वर्तमानपत्रांत हे येणारच. अख्खा पोशाख काड्यापेटीत मावतो हे दाखवायला तिच्या हातात काड्यापेटीही दिली होती. कापलेल्या कापडाइतकंच डोकं या माणसाने जाहिरातीवर खर्च केलं.

नावही असंच उचललं. चारच दिवस आधी, १ जुलैला, अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी या प्रवाळबेटावर अणुबाँबची चाचणी घेतली होती आणि ते नाव जगभर ठळक अक्षरांत होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या १६७ रहिवाशांना मानवजातीच्या भल्यासाठी म्हणून बोटीत बसवून रोंगेरिक या दुसऱ्या बेटावर हलवलं होतं. तिथे पुरेसं अन्न नव्हतं. लोकांची उपासमार झाली आणि १९४८ साली त्यांना पुन्हा हलवावं लागलं. १९५४ साली त्यांच्या बेटावर १५ मेगाटनांचा हायड्रोजन बाँब फोडला गेला. सत्तरीत काही कुटुंबं परत गेली, पण किरणोत्सर्गामुळे त्यांना पुन्हा बाहेर काढावं लागलं. किनाऱ्यावर सुटी घालवणाऱ्यांचा कपडा ज्यांच्या गावाचं नाव घेऊन फिरतो, त्यांना स्वतःचा किनारा परत मिळालेला नाही.

१९५१ साली लंडनमध्ये पहिली मिस वर्ल्ड, स्वीडनची किकी हॉकान्सन, बिकिनीत मुकुट घेऊन गेली. त्यावर इतका गदारोळ झाला की पुढे बिकिनी स्पर्धेतून हद्दपार झाली. इटली-स्पेनच्या किनाऱ्यांवर मनाई होती. मग १९५३ साली कान महोत्सवात अभिनेत्री ब्रिजित बार्दो बिकिनीत आली, १९६२ साली 'डॉ. नो' या सिनेमात अर्सुला अँड्रेस समुद्रातून वर आली आणि वाद निवत गेला. त्याच सुमारास 'हे तर रोमन काळापासून आहे' हा युक्तिवाद सोयीचा ठरला. नव्या गोष्टीला वंशावळ मिळाली की तिच्यावरचा राग निम्मा होतो, हे दुकानदारांना आणि संपादकांना पक्कं माहीत असतं.

नियम कोणाचा?

वंशावळ खोटी असली तरी सिसिलीच्या त्या मुलींशी आजच्या काळाचं नातं आहे. ते किनाऱ्यावर न शोधता मैदानावर शोधायला हवं.

बीच व्हॉलीबॉलच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत कित्येक वर्षं बायकांना बिकिनी किंवा एकसंध पोशाखच घालावा लागे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकआधी नियम सैल झाले. शॉर्ट्स आणि बाह्यांचे टॉप चालतील असं ठरलं. बीच हँडबॉलमध्ये तो नियम राहिला. पुरुष सैलसर शॉर्ट्समध्ये खेळत, बायकांनी बिकिनीच घालायची. जुलै २०२१ मध्ये बल्गेरियात युरोपीय स्पर्धेत नॉर्वेचा महिला संघ मुद्दाम आखूड शॉर्ट्स घालून उतरला. पोशाखाचा नियम मोडला म्हणून युरोपीय महासंघाने त्यांना १५०० युरोंचा दंड केला, म्हणजे प्रत्येक खेळाडूमागे दीडशे. बातमी पसरली, पिंक या अमेरिकन गायिकेने दंड आपण भरू म्हटलं आणि त्याच वर्षाअखेरीस आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलून बायकांना आखूड, अंगासरशी शॉर्ट्सची मुभा दिली.

१९२२चा टेप आणि २०२१चा दंड शेजारी ठेवले तर कापडाची लांबी उलटसुलट झालेली दिसते, मोजणारा हात मात्र तोच राहतो. तेव्हा कपडा कमी म्हणून शिक्षा, आता जास्त म्हणून. कपडा जुना की नवा, आखूड की लांब, यावर शतकभर भांडण चाललं. बाईला धावायला, उडी मारायला, पोहायला काय सोयीचं पडतं हा प्रश्न त्यात अधूनमधूनच विचारला गेला आणि जेव्हा विचारला, तेव्हा तो केलरमन किंवा नॉर्वेच्या त्या पोरींसारख्या खेळणाऱ्या बायकांनीच विचारला. बिकिनीचा इतिहास लिहायचा तर शिंप्यांबरोबर या बायकांनाही त्यात जागा द्यावी लागेल.